बिडाचा बुद्ध

आमचा बुद्ध काळा आहे. संगमरवरी नाही, पितळी नाही, रंगवलेल्या सिमेंटचाही नाही. तो बिडाचा आहे, म्हणजे ज्या लोखंडाचे तवे ओततात त्या लोखंडाचा, आणि तो माझ्या बाबांनी ओतला. हे मी आजवर इतक्या लोकांना ऐकवलं आहे की मी विषय काढला की माझी मुलं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. सगळ्यांचे वडील काही बुद्ध ओतत नाहीत.

बाबा भिलाईला प्लांटच्या फाउंड्रीत मोल्डर होते. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आले, हेल्पर म्हणून लागले आणि वाळूत हात घालता घालता मोल्डर झाले. मोल्डरचं काम सांगायला सोपं आहे. हवी त्या वस्तूचा लाकडी नमुना करायचा, तो ओलसर वाळूत दाबून बसवायचा, मग अलगद उचलून घ्यायचा आणि वाळूत उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. करायला ते किती अवघड आहे हे बाबांच्या हातांवरचे डाग बघून आम्हाला कळायचं. घरी ते फार बोलत नसत. आई दोघांच्याही वाटचं बोलायची आणि अजूनही बोलते.

मी शाळेत होते तेव्हा हुडको वसाहतीतल्या आमच्या विहाराला नुकतं पत्र्याचं छप्पर बसलं होतं. आत एक ओटा, ओट्यावर बुद्धाची छापील तसबीर आणि शेजारी निळ्या कोटातली तसबीर. मूर्ती नव्हती. दर रविवारी वंदना झाली की मूर्तीचा विषय निघायचा. कोणी म्हणायचं नागपुरातून आणू, कोणी म्हणायचं जयपूरहून मागवू. एकदा आई बायकांच्या रांगेतून म्हणाली, "आपन एवढे लोखंडवाले लोक. मूर्ती बाहेरून कावून आनाची?" सगळे हसले. बाबा मात्र हसले नाहीत. घरी येताना सायकल हातात धरून ते चालत आले, आणि असं ते फक्त डोक्यात काही शिजत असलं की करत.

पुढच्या रविवारी त्यांनी उभं राहून सांगितलं की मूर्ती बिडाची ओतायची. औद्योगिक वसाहतीत एका सरदारजींची छोटी फाउंड्री होती, सुटीच्या दिवशी भट्टी वापरू द्यायला ते तयार होते. लोखंड मात्र आपण आणायचं, आणि बाबांची एकच अट होती. लोखंड दिलेलं असलं पाहिजे. मागून आणलेलं नको, उचलून आणलेलं तर मुळीच नको. ज्याला वाटेल त्याने आपल्या घरातलं, आपल्या हाताने आणून द्यावं.

या अटीची पहिली झळ माझ्या मामाला बसली. मामा चरोद्याच्या यार्डात रेल्वेत होता. त्याला वाटलं, बहिणीच्या नवऱ्याला मदत करावी. एका संध्याकाळी तो स्कूटरला पोतं बांधून आला. पोत्यात वॅगनचा झिजलेला ब्रेक ब्लॉक होता. अस्सल बीड. बाबांनी तो हातात घेऊन बघितला, कौतुकाने बघितला, आणि परत पोत्यात घातला.

"अजी भाटवे, भंगारातला आहे," मामा म्हणाला. "कोनी पुसत नाई त्याले."

"पुसत नाई मंजे देल्लाय काय?" बाबा म्हणाले. "न देल्लेलं घ्याचं नाई, हे आपन दर रविवारी म्हनतो. आन् त्याच लोखंडाचा बुद्ध कराचा?"

मामा चहा न पिता गेला. आईने बाबांना दोन दिवस टोमणे मारले, कारण भाऊ तिचा होता. पण तिसऱ्या दिवशी तिने चुलीमागून स्वतःचा तवा काढला. तिच्या आईने लग्नात दिलेला, जाड, वापरून वापरून आरशासारखा झालेला बिडाचा तवा. बाबांनी मागितला नव्हता. तिने तो विहाराच्या ओट्यावर नेऊन ठेवला आणि पुढे कितीतरी दिवस आम्ही पातळ पत्र्याच्या तव्यावरच्या करपलेल्या पोळ्या खाल्ल्या.

तिच्यामागून बाकीच्या घरांनी हात सैल सोडला. तेव्हा घरोघरी गॅस येऊ लागला होता, त्यामुळे कोळशाच्या शेगड्यांच्या जाळ्या मोकळ्या झाल्या होत्या. त्या आल्या. खलबत्ते आले. मोडक्या शिवणयंत्राचं चाक आलं. एका किराणावाल्याने जुनी वजनं दिली, बाई बाळंतपणात गेलेल्या एका घरातून तिचं अडकित्त्यासारखं काहीतरी आलं. ते बिडाचं नव्हतं, पण बाबांनी ते परत केलं नाही, बाजूला ठेवून दिलं आणि भट्टीत सगळ्यात शेवटी टाकलं. त्याने धातू बिघडेल का, असं मी विचारलं तर म्हणाले, "बिघडू दे."

ओतायच्या दिवशी दुपारी अर्धी वस्ती त्या फाउंड्रीच्या आवारात होती. बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या आणि सरदारजी बिचारे त्यांना भट्टीपासून लांब ठेवता ठेवता घामाघूम झाले. मला आठवतो तो वाळूवर झुकलेला बाबांचा चेहरा आणि धातू ओतताना आलेली शांतता. एरवी दोन माणसं जमली की भांडणारे आमचे लोक तेव्हा चूप होते. एका म्हातारबांनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनीच म्हटलं.

वाळू फोडून मूर्ती बाहेर काढली तेव्हा बाबांची मोल्डरगिरी उघडी पडली. मोल्डरला आयुष्यभर एकच धाक असतो, नमुना वाळूतून निघताना कुठे अडकता कामा नये. अडकला की वाळू ढासळली. म्हणून तो कुठेही फट ठेवत नाही, खाच ठेवत नाही. बाबांनी बुद्धही तसाच केला होता. कान डोक्याला चिकटलेले, मान खांद्यात बसलेली, दंड आणि बरगड्या यांच्यामध्ये दोरा जायला जागा नाही. खाली कमळ, तेही गोल ताटासारखं. आणि साच्याचे दोन भाग जिथे जुळले तिथे डोक्यापासून गुडघ्यापर्यंत एक बारीक रेघ. कानस घासून घासून त्यांनी ती कमी केली, पण गेली नाही. सगळ्या जगात बुद्ध सडपातळ आणि नाजूक. आमचा ठेंगणा, दणकट, सेकंड शिफ्ट करून आलेला वाटावा असा. बाबा ओशाळले. म्हणाले, पुन्हा ओततो.

"काई नको," आई म्हणाली. "आपल्याच लोकायवानी दिसते. रंगबी आपलाच आहे."

आणि तेच खरं होतं. म्हणूनच तो आम्हाला आवडला.

बिडाला गंज चढतो. त्यामुळे बुद्धपौर्णिमेच्या आधी महिला मंडळ त्याला घासून पुसून जवसाचं तेल लावायचं. घराघरांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या आणि पाळी चुकवली तर आई त्या बाईला वर्षभर विसरू द्यायची नाही. एकदा शेजारची एक बाई, चांगली होती, डोकावून म्हणाली, "ये तो अभिषेक हुआ ना, भाभी." आईने हात न थांबवता उत्तर दिलं, "अभिषेक नहीं, मेंटेनन्स." हे उत्तर वस्तीभर झालं. पुढे कित्येक वर्षं तेल लावायच्या दिवसाला आमच्याकडे मेंटेनन्सच म्हणत.

आईचं असंच आहे. मूर्तीत काही नाही, ही तिची पक्की शिकवण. आपण पूजा करत नाही, वंदना करतो, मागत काही नाही, हे तिने आम्हाला भात भरवता भरवता शिकवलं. पण तेल लावताना बुद्धाच्या पाठीवरून तिचा हात ज्या तऱ्हेने फिरायचा तो मी बघितला आहे. त्या लोखंडात कुठेतरी तिच्या आईचा तवा होता, शेजारणीचा खलबत्ता होता, आणि जी माणसं आता नाहीत त्यांच्या शेगड्या होत्या. पुस्तकं शिकलेली माणसं मला विचारतात की तुम्ही मूर्ती मानत नाही तर तिला जपता कशाला. मी सांगते, तुम्ही आधी तुमच्या घरातलं काहीतरी द्या, मग विचारा.

बाबा गेले. आई ऐंशीच्या घरात आली. विहाराचं पत्र्याचं छप्पर जाऊन स्लॅब पडला, फरशी बसली, पंखे आले. आणि मागच्या हिवाळ्यात एका रविवारी अध्यक्षांनी आनंदाने जाहीर केलं की परदेशातल्या भिक्खूंनी विहाराला मूर्ती दान दिली आहे. सोनेरी, माणसाच्या उंचीची, अगदी रेखीव. फोटो मोबाईलवरून हातोहात फिरला. मलाही ती आवडली, खोटं कशाला बोलू. अध्यक्ष बाबांच्याच फाउंड्री शॉपमधून रिटायर झालेले, सज्जन माणूस. त्यांनी चाचरत पुढचं सांगितलं. ओटा एकच आहे, दोन मूर्ती मावत नाहीत, तेव्हा जुनी सध्या मागच्या खोलीत ठेवू.

मागची खोली म्हणजे जिथे सतरंज्या, बंद पडलेला कूलर आणि जयंतीचे बॅनर असतात ती. मी आईकडे बघितलं. तिने काठी जवळ ओढली होती आणि ते वाईट लक्षण होतं.

तेवढ्यात एक तरुण इंजिनियर उठला. मुलगा भला, पण मराठी घरापुरती, बाहेर सगळी हिंदी, आणि सण शेजाऱ्यांचे बघत वाढलेला. म्हणाला, "अंकल, स्टोअर में रखना ठीक नहीं लगता. शिवनाथ नदी में सम्मान से विसर्जन कर देते हैं."

आता त्याची चूक नव्हती. आसपास सगळे तेच करतात. पण आमच्यात मूर्ती बदलायची वेळच कधी आली नव्हती, त्यामुळे जुन्या मूर्तीचं काय करायचं याची रीतच आमच्याकडे नाही. आई काठी टेकत उभी राहिली.

"बेटा, बस," ती त्याला म्हणाली, रागाने नाही. "मी लहान होती तं माह्या बापानं घरातले सारे देव फडक्यात बांधले आन् वैनगंगेत सोडून देल्ले. मी संग होती. नदीत आपन ते टाकलं जे परत घरात नाई पायजे होतं. आता याले बी तसंच टाकाचं काय?"

मुलगा खाली बसला. मग ती अध्यक्षांकडे वळली.

"भाऊजी, सोनेरी मूर्ती आना. देनाऱ्यानं देल्ली, आपन मानानं घेतली पायजे. पन याले मांगच्या खोलीत नाई. आज मी आहे तं पुसाले येतो. मी मेल्यावर कोनी येनार नाई. दोन वर्सं गंजन, मंग एखादा नवा अध्यक्ष म्हनन, जागा अडवून राहिलं, आन् भंगारवाला हातगाडी घिऊन दारात उभाच आहे."

तिला जे भेडसावत होतं ते हे. सोनेरी मूर्तीचा तिला राग नव्हता. लोखंडाच्या गावात लोखंडाचं काय होतं हे तिने आयुष्यभर बघितलं होतं. आणि ती म्हणत होती ते अगदी होण्यासारखं होतं.

"मग काय करायचं वहिनी, तुम्हीच सांगा," अध्यक्ष म्हणाले.

"घरी नेतो," आई म्हणाली. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. मी तिचा पदर ओढला.

तेव्हा मागे दाराजवळ बसलेली एक बाई उठली. चरोद्याच्या पलीकडे ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांची नवी वस्ती आहे, तिथून ती दोनतीन महिन्यांपासून यायची. गोंदियाकडची. तिने सगळ्यांना जयभीम केला आणि म्हणाली, "आमी वस्तीत विहार बांधून राहिलो. जोतं झालं. मूर्ती नाई. आमाले देता काय?"

सभेत कुजबुज झाली. कोणी म्हणालं, तिकडे चोऱ्या होतात. कोणी म्हणालं, उघड्यावर आहे. आईने कुणाचंच ऐकलं नाही. ती त्या बाईकडे नुसती बघत राहिली. मागून आणलेलं आणि मागितलं म्हणून दिलेलं यात फरक असतो, आणि दान मागायला उठून उभं राहायला काय लागतं हे आईला माहीत आहे. तरी तिने लगेच हो म्हटलं नाही. "आधी जागा पाहू दे," एवढंच म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मी तिला स्कूटीवर घालून घेऊन गेले. पत्र्याच्या झोपड्या, मध्ये एक मोकळा चौथरा, बाजूला विटांचा ढीग. भिंती अजून उभ्या राहायच्या होत्या. वस्तीतले लोक गोळा झाले. दिवसभर गिट्टी उचलणारी, छपरं टाकणारी माणसं. आईने चौथऱ्याला चक्कर मारली, वीट उचलून बघितली, मिस्तरीला बोलावलं.

"भिंती कधी?"

"मूर्ती आली की ओटा करतो आजी, मंग भिंती."

"नाई," आई म्हणाली. "आधी मूर्ती बसवाची. मंग भिंती उचलाच्या."

मूर्ती हलवायचा दिवस मी विसरणार नाही. बाबांबरोबरचे जे खलासी उरले होते, सगळे सत्तरीच्या पुढचे, कुणाचा गुडघा गेलेला, कुणाची साखर वाढलेली, ते आपापल्या मुलांचं न ऐकता आले. खलासी म्हणजे प्लांटमध्ये अजस्र वजनं उचलून जागेवर बसवणारे. तीन पायांचं तिकाटणं उभं केलं, त्याला चेनपुली लावली, कमळाखालून पट्टा घातला. जवान पोरांना त्यांनी हात लावू दिला नाही, फक्त पाणी आणायला ठेवलं. बुद्ध ओट्यावरून हळूच उठला तेव्हा त्यातल्या एकाने नुसता तळहात वर केला आणि सगळे एका क्षणी थांबले. एकही शब्द नाही, एकही ओरडणं नाही. इतकी वर्षं याच माणसांनी हा प्लांट उभा ठेवला आहे, आणि मला छाती फुगवून कोणाला तरी सांगावंसं वाटलं की ही माझी माणसं आहेत. सांगायला जवळ कोणी परकं नव्हतं, म्हणून मी त्या इंजिनियर मुलालाच सांगितलं. तो म्हणाला, "हौ, दीदी." आणि डोळे पुसले.

चौथऱ्यावर बुद्ध बसला. वस्तीतल्या बायकांनी त्याच्यापुढे मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण पंचशील झालं. मग मिस्तरी भिंतींची आखणी करायला दोरी घेऊन आला आणि आईने त्याला थांबवलं. ती खाली वाकली. वाकताना तिचा हात माझ्या खांद्यावर होता. तिने पदराचं एक टोक कमळाच्या एका कडेला धरलं, दुसऱ्या कडेला पदर ताणून तिथे चिमटीत पकडलं, आणि तो मापाचा पदर मिस्तरीसमोर धरला.

"दार यापेक्षा लहान ठेवजो. वीतभर लहान."

मिस्तरी म्हणाला, "आजी, एवढं अरुंद? लोकं कशे येतीन?"

"लोकं एकएक करून येतीन. घाई काय आहे?"

"पन मंग मूर्ती बाहेर..." तो बोलता बोलता थांबला. त्याने गोल कमळाकडे बघितलं. कशीही फिरवा, रुंदी तीच. आडवी करा, उंची त्याहून जास्त. बाजूला उभे असलेले म्हातारे खलासी आधी हसले. त्यांना आधी कळलं. मग त्या गोंदियाच्या बाईला कळलं आणि ती पदर तोंडाला लावून हसत हसत रडायला लागली.

भिंती व्हायला महिना लागला. पूर्ण झाल्यावर मी आईला परत घेऊन गेले. दार खरंच अरुंद होतं. मला अंग आडवं करून आत जावं लागलं, आई सरळ गेली. आत थंड होतं. बुद्धाला वस्तीतल्या बायकांनी तेल लावलं होतं, आमच्यापेक्षा जरा जास्तच. आईने त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग बाहेर आली, चौकटीवर दोन्ही बाजूंना हात टेकवून दाराची रुंदी एकदा जोखून घेतली आणि मला म्हणाली, "चाल. आता मी गेली तरी हा कोठी जात नाई."

आणि स्कूटीवर माझ्या मागे बसली.